बल्ब काढलेला लाल दिवा

आधी माझा धंदा सांगतो, म्हणजे माझं डोकं कुठल्या बाजूनं चालतं ते तुम्हाला कळेल. उंब्रजला हायवेच्या सर्व्हिस रोडला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. आयटीआय झाल्यापासून एकवीस वर्षं हेच काम करतोय. सेल्फ, अल्टरनेटर, हेडलाइट, डॅशबोर्डचं मीटर... ट्रकवाले मला नावानं हाक मारत नाहीत, वायरमन म्हणतात.

ह्या ग्रुपवर लोक लिहितात — हॉर्न आपोआप वाजला, वायपर आपोआप फिरले, घाटात सगळे लाइट गेले आणि पुढं कोणीतरी उभं होतं. मला असलं वाचून हसू येत नाही, सरळ राग येतो. अरे बाबांनो, अर्थिंगची वायर लूज असते! एकाच्या गाडीचा हॉर्न रोज पहाटे वाजायचा, तर त्यानं देवरुषी बोलावून गाडीवरनं लिंबं उतरली. मी उंदरानं कुरतडलेली वायर काढून त्याच्या हातात दिली. दिवा लागला म्हणजे करंट आला, आणि करंट आला म्हणजे कुठूनतरी वायरनं आला. एवढाच माझा धर्म होता. आज तुमच्यासारखंच लिहायला बसलोय याची मला लाज वाटते, पण दुसरीकडं कुठं सांगू?

जे झालं ते माझ्या थोरल्या भावाचं झालं. संपतदादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. मी नववीत असताना वडील गेले, तेव्हा दादा दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून चढला आणि त्यानं मला आयटीआयला घातलं. दुकानातली पहिली पान्यांची पेटी त्यानंच आणली. नंतर त्यानं स्वतःची सहा टायरची जुनी गाडी घेतली. जुनी म्हणजे बऱ्यापैकी जुनी, पण निगा अशी की बघणाऱ्यानं विचारावं, राव, शोरूममधनं कधी काढली?

रोज सकाळी अंघोळ झाली की आधी गाडी. सहाही टायरांवर हातोडी मारून आवाज ऐकायचा. खाली वाकून हवेच्या टाकीची कळ ओढायची, आत साठलेलं पाणी सोडायचं. मग ऑइल, रेडिएटरचं पाणी, आणि शेवटी डॅशबोर्ड. डॅशबोर्ड पुसायला त्याचं एक वेगळं मऊ फडकं होतं, त्याला दुसऱ्या कुणी हात लावला की बोंबाबोंब. चालवतानाही दर दोन मिनिटांनी नजर काट्यांवर जायची — टेंपरेचर, ऑइल, हवा, डिझेल. वहिनी म्हणायची, "माझ्याकडं कवा इतक्या येळा बघितलं न्हाई ह्या माणसानं." दादा म्हणायचा, "तुला काटा न्हाई ना, म्हणून."

आता एक गोष्ट समजावून सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. जड गाडीचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिन चालू असलं की टाकीत हवा भरत राहते. किती भरली ते डॅशबोर्डवर काटा दाखवतो; हवेचा दाब आम्ही किलोत मोजतो, काटा सात-आठ किलोवर असला की उत्तम. हवा कमी झाली तर ब्रेक लागणार नाही, म्हणून एक लाल दिवा लागतो आणि बझर कोकलायला लागतो. काटा वेगळा, दिवा वेगळा. काट्याला टाकीकडनं बारीक पाइप येतो, दिव्याला एका स्विचवरनं वायर येते.

आणि हायवेवरच्या कुठल्याही वायरमनला विचारा, तो सांगेल — दिवे खोटं बोलतात, काटा बोलत नाही. स्विच खराब होतात, पाण्यानं सडतात, उगाचच दिवा लागतो. मग ड्रायव्हर वैतागून येतो आणि आम्ही काय करतो? काटा बघतो. काटा बरोबर असला की बझरची वायर कापतो, दिव्याचा बल्ब काढतो, ड्रायव्हर खूश. असे किती बल्ब मी काढले असतील, मोजलेले नाहीत. कुणाचं काही वाईट झालं नव्हतं. म्हणजे झालं असलं तरी माझ्यापर्यंत आलं नव्हतं.

उसाचा सीझन संपत आला होता तेव्हाची गोष्ट. दादा दुपारी दुकानात आला तोच बझर बोंबलत.

"सुऱ्या, हे बघ की रं. इस्लामपूर सोडल्यापासनं कोकलतंय. डोकं उठलं माझं."

मी केबिनमध्ये चढलो. लाल दिवा लागलेला, बझर चालू, आणि हवेचा काटा बरोबर आठ किलोवर. मला हसूच आलं.

"आठ किलो हवा हाय तुझ्या गाडीत. स्विच गेलाय, दुसरं काय न्हाई."

"मग बदल की."

"माझ्याकडं शिल्लक न्हाई. मंगळवारी कराडला माल आणायला जाणार हाय, तवा आणतो. तवर हे बंद करून देतो."

दादानं दिव्याकडं बघितलं. म्हणाला, "बझर कर बंद. पर दिवा असू दे की."

हे त्याचे शब्द आहेत. दिवा असू दे की. आणि मी त्याला म्हणालो, "दिवा ठेवला तर दिवसभर त्याच्याकडंच बघत बसशील. तुझा सभाव म्हाईत न्हाई व्हय मला? काटा हाय ना डोळ्यासमोर!"

तो हसला आणि खाली उतरून चहा सांगायला गेला. मी मीटर बाहेर काढलं, मागून होल्डर फिरवला, शेंगदाण्याएवढा बल्ब ओढून काढला, रिकामा होल्डर परत बसवला. बझरची वायर कापून टेप मारली. बल्बला कागदी टेप गुंडाळून वर पेनानं 'दादा' लिहिलं आणि तो काउंटरच्या ड्रॉवरमध्ये टाकला, स्विच आला की परत बसवायला.

मंगळवारी कराडला गेलो. होल्डर आणले, फ्यूज आणले, कार्बन आणले... आणि स्विच विसरलो. परत आल्यावर लक्षात आलं, तर म्हटलं पुढच्या मंगळवारी. तो मंगळवार यायच्या आतच सगळं संपलं.

त्या दिवशी दादा चिपळूणला चालला होता. आदल्या दिवशी सांगलीत पशुखाद्याची पोती भरून घरी मुक्कामाला आला होता. सकाळी साडेआठला दुकानासमोर गाडी हळू केली आणि खिडकीतनं ओरडला, "स्विच?"

मी ट्रॅक्टरखाली होतो. तसाच हात हलवला. "आल्या आल्या टाकतो!"

तो मल्हारपेठच्या रस्त्याला वळला. मी त्याला शेवटचं असं ट्रॅक्टरच्या खालून बघितलं, म्हणजे त्याला नाहीच बघितलं, गाडीची चाकं बघितली.

अकराला दहा कमी असताना फोन आला. समोर एक गिऱ्हाईक डोक्यावर उभं, टेबलावर अल्टरनेटर उघडा पडलेला, हात काळे. मी फोन खांद्यानं कानाला दाबला.

दादा म्हणाला, "सुऱ्या, हेळवाकच्या फुडं, घाटाच्या वर थांबलोय बघ. त्यो हवेचा दिवा लागलाय."

"कुठला हवेचा?"

"अरं लाल. तू बल्ब काढलास न्हाई का, त्योच. पाटणपासनं लागलाय. मगाशी वाटलं ऊन हाय, म्हणून गाडी सावलीत घेतली, तरी बी हायच."

मला काय वाटलं खरं सांगू? गंमत वाटली. मी ड्रॉवर उघडला. टेप गुंडाळलेला बल्ब तिथंच होता. तो उचलून तळहातावर घेतला आणि म्हणालो, "दादा, बल्ब माझ्या हातात हाय. आत्ता, ह्या मिनिटाला. तुझ्या मीटरात नुसतं भोक हाय. कसला लागतोय त्यो?"

"मला काय म्हाईत? लागलाय ह्ये खरं."

"काटा किती दावतोय?"

"काटा आठवर हाय."

"ब्रेक लागतोय?"

"लागतोय की. आत्ताच थांबिवली न्हवं का गाडी."

"मग झालं तर. म्हातारा झालास तू, डोळं तपासून घे मिरजेला जाऊन."

गिऱ्हाईक पण हसलं. दादा नाही हसला. म्हणाला, "थांब, फोटू टाकतो." फोन कट झाला. दोन-तीन मिनिटांनी फोटो आला. मी बोटानं स्क्रीनवर ग्रीस लावत तो उघडला — मीटर, काटे, दादाचं बोट आणि एक लाल ठिपका. बाहेरच्या उजेडात नीट दिसलाही नाही. मी टाइप केलं, "उन्हाची चमक हाय. निघ बिनधास्त." वर अंगठा टाकला.

मग त्याचा व्हॉइस मेसेज आला, चार सेकंदांचा. "बरं. तू म्हणतोस म्हंजे बघायला नको. सुटलो."

घाटाच्या तिसऱ्या वळणाला गाडी कठडा तोडून खाली गेली. मला साडेबाराला एका ओळखीच्या ड्रायव्हरचा फोन आला. पुढचं मी लिहीत नाही. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात वहिनी खाली फरशीवर बसली होती, तिनं माझ्या पँटला धरून विचारलं, "भाऊजी, तुमच्याशी बोलणं झालं व्हतं न्हवं? शेवटचं काय म्हणालं?"

मी म्हणालो, "गाडी मस्त चाललीय म्हणाला. हसत व्हता."

हे कसं तोंडातनं आलं मला माहीत नाही. पण आलं.

तिसऱ्या दिवसाचं झालं आणि चौथ्या दिवशी मी पोलीस ठाण्याच्या आवारात गेलो, जिथं गाडी आणून टाकली होती. बरोबर जब्बारचाचा होते. आमच्या शेजारीच त्यांचं एअरब्रेकचं काम चालतं, वय सत्तरच्या पुढं, दादाला त्यांनीच ब्रेकचं सगळं शिकवलेलं. केबिन चेपलेली होती पण डॅशबोर्ड अर्धा शाबूत होता. आणि मित्रांनो, हवेचा काटा आठवर होता. गाडीत हवा नाही, बॅटरी नाही, इंजिन मोडून पडलंय आणि काटा आठ किलो दाखवतोय.

जब्बारचाचांनी काट्याचा मागचा बारीक पाइप सोडवला. फुस्स करून एवढीशी हवा बाहेर आली आणि काटा टपकन शून्यावर पडला. पाइपात तेला-पाण्याचा चिखल साचून घट्ट बसला होता. आठ किलोची हवा पाइपात कोंडून राहिली होती आणि काटा ती जुनी हवा दाखवत होता. किती दिवसांपासून, देव जाणे. दादा टाकीचं पाणी रोज काढायचा, पण ह्या पाइपाला कोण बघतो!

चाचांनी विचारलं, "ब्रेक मारून काटा बघ म्हणालावतास का त्याला?"

चालू काटा ब्रेक मारला की जरासा खाली येतो, परत वर जातो. न हलणारा काटा मेलेला असतो. हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगतो, पोपटासारखं सांगतो. माझ्या भावाला सांगितलं नाही. चार वेळा ब्रेक दाबून काट्याकडं बघायचं, दहा सेकंदांचं काम होतं.

मग त्यांनी टाकीजवळचा तो स्विच काढला, जो मी न तपासता खराब ठरवला होता. दुकानात नेऊन हवा देऊन बघितला. स्विच चांगला होता. एकदम चांगला! म्हणजे दादा बझर बोंबलत आला त्या दिवशीच गाडीची हवा कमी पडत होती. कॉम्प्रेसरच्या पाइपाला बारीक तडा होता, तो वाढत गेला. दिवा खरं बोलत होता, काटा खोटं बोलत होता, आणि मी खरं बोलणाऱ्याचं तोंड बंद करून टाकलं.

इथपर्यंत सगळं मशीनचं आहे. ह्यात अमानवीय काही नाही, नुसता माझा गाढवपणा आहे. आता पुढचं.

त्याच दिवशी आवारात मी मीटर उलटं करून होल्डर फिरवला होता. रिकामा. चिमट्यानं आत चाचपून बघितलं, बॅटरी मारून बघितली. बल्ब नव्हता, आणि कुणी बसवल्याची खूणही नव्हती. माझ्या बोटाच्या काळ्या ठशावर धूळ तशीच्या तशी बसलेली. घरी येऊन मी फोटो मोठा करून बघितला. लाल खिडकी नुसती चमकत नव्हती, आतून पेटलेली होती. दादानं दाखवायला काचेला बोट टेकवलंय, त्या बोटाच्या पेरावर, नखाच्या कडेवर लाल उजेड पडलाय. उन्हाची चमक माणसाच्या बोटाला लाल करत नाही.

मी हार मानणारा नाही. भंगारातनं तसलंच मीटर आणलं, तो बल्ब काढला, शेजारचे सगळे दिवे पेटवले — ऑइलचा, चार्जिंगचा, हँडब्रेकचा. त्या खिडकीत अंधार. मीटर उन्हात ठेवलं, आरसा धरला, लाल कागद धरला. एक सोडून दहा मोबाइलनं फोटो काढले. नाही जमलं. मग एका मित्राची गाडी घेऊन घाटाच्या वर दादा जिथं थांबला होता त्या चहाच्या टपरीपाशी, त्याच वेळेला, त्याच झाडाखाली उभी केली. सूर्य केबिनच्या मागं होता. डॅशबोर्डवर उन्हाचा एक कवडसा नव्हता.

टपरीवाल्याला दादा आठवत होता. म्हणाला, "चहा घेतला त्यांनी. घाईत नव्हते. सारखे केबिनमधी चढून बघत होते आन् खाली येत होते. मला म्हणले, भावाला इचारतो, न्हाईतर टाकीची कळ ओढून बघतो." मग म्हणाला, "इथं फोन लागत न्हाई ओ कुणाचा. आमी खाली हेळवाकला जातो बोलायला. त्यांचा मात्र त्या दिवशी लागला बघा."

मी माझा फोन काढला. रेंजची एक काडी नव्हती. पुढं चाललो, मागं आलो, कठड्यावर चढून हात वर केला... नाही. मी तिथं रस्त्याच्या कडेला बसून रडलो. दादाचा फोन लागला नसता तर त्यानं कळ ओढली असती. हवेचा नेहमीसारखा जोराचा आवाज आला नसता आणि त्याला सगळं कळलं असतं. ड्रायव्हर म्हणून तो माझ्यापेक्षा शंभरपट हुशार होता. त्यानं माझं ऐकलं ते मी मीटरवाला होतो म्हणून, त्यानंच मला शिकवून मीटरवाला केला म्हणून. ज्यानं कुणी तो दिवा लावला, त्यानं एवढं केलं होतं तर माझा फोन का लागू दिला? की दोन्ही वेगवेगळ्यांची कामं? असले प्रश्न मला पडायला लागलेत, मला! जो उंदराची वायर दाखवून लोकांना येडं ठरवायचा.

तेव्हापासून मी कुणाच्या गाडीचा बल्ब काढत नाही. ड्रायव्हर भांडतात, दुसऱ्या दुकानात जातात, जाऊ देत. मीटर उघडलं की आधी काट्याचा पाइप सोडवून बघतो. धंदा निम्मा झाला, त्याचं काही नाही. रात्री झोप नाही त्याचंही काही नाही. मला छळत होतं ते वहिनीचं बोलणं. येईल त्या पाहुण्याला ती सांगायची, "सुखात गेलं वो ते. भाऊजींशी हसून बोलून मग निघालं. गाडी भाऊजींनी बघून दिली व्हती, म्हणून मी निर्धास्त व्हते." वर्षश्राद्धाला तिनं भावकीच्या देखत हेच सांगितलं आणि माझ्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली. मी ती खाल्ली. कशी खाल्ली ते माझं मला ठाऊक.

तीन आठवड्यांपूर्वी माझ्या पुतणीनं, स्वातीनं, दादाचा फोन कराडहून दुरुस्त करून आणला. ती तिथं कॉलेजला आहे. फोन गाडीत सापडला होता, स्क्रीन फुटलेली, पोलिसांकडून परत आल्यापासून कपाटात पडून होता. तिला वडिलांचे फोटो पाहिजे होते, बाकी काही नाही. मी दुपारी सहज गेलो तर दोघी मायलेकी बाहेरच्या सोप्यात बसल्या होत्या, फोन दोघींच्या मधे. स्वातीनं माझ्याकडं बघितलं आणि बोटानं बटण दाबलं. दादाचा आवाज आला. "बरं. तू म्हणतोस म्हंजे बघायला नको. सुटलो."

दीड वर्षानं त्या घरात त्याचा आवाज आला. वहिनीनं पदर तोंडाला लावला होता. स्वातीनं परत लावला, मग परत. मी म्हणालो, "बास, पोरी," तेव्हा थांबली.

वहिनीनं तो फोटो उघडून फोन माझ्यापुढं धरला. "भाऊजी, ह्यो लाल दिवा कशाचा असतोय?"

मला परत खोटं बोलता आलं असतं. चार खोट्या गोष्टी जिभेवर तयार होत्या. पण तिनं खालचं माझं उत्तर वाचलं होतं, बोट त्याच्यावरच होतं. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. हवा कमी झाली की लागतो. मी त्याचा बल्ब काढला होता. दादा नको म्हणाला होता. स्विच आणायला विसरलो. तो घाटावर थांबला होता, त्यानं मला विचारलं, आणि मी जा म्हणालो.

स्वाती उठून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. अजून ती माझ्याशी बोललेली नाही, तिचं बरोबर आहे. वहिनी मात्र बसून राहिली. मला वाटलं आता ही चप्पल काढेल. देवाशपथ, काढावी असं वाटत होतं. भावकी गोळा करून माझ्या तोंडावर थुंकली असती तरी मी मान वर केली नसती.

तिनं विचारलं, "म्हंजे दिव्यात बल्बच न्हवता?"

"न्हवता."

"वायर?"

"वायर होती, पण बल्ब नसला तर वायर काय करणार, वहिनी?"

"तरी लागला."

"व्हय."

"पाटणपासनं घाटापत्तोर लागून राहिला."

"व्हय."

तिनं फोटो जवळ घेऊन बघितला. दादाच्या बोटावर अंगठा फिरवला. आणि म्हणाली, "मग लावला कुणी, भाऊजी? इतका येळ, इतक्या लांबपत्तोर... आमचं एवढं कोण व्हतं वो, त्यास्नी थांब म्हणणारं? मला तेवढं सांगा. देव असू दे, तुमचे वडील असू देत, न्हाईतर दुसरं कुणी. मला त्याच्या पाया पडायचंय."

मला एक शिवी दिली नाही. अजून दिलेली नाही. मी गेलो की चहा ठेवते, पुढ्यात बसते आणि विचारते, "काय कळलं का?" मी इंटरनेट धुंडाळलं, जब्बारचाचांना विचारलं, सांगलीच्या एका इंजिनिअरला फोटो दाखवला. तो म्हणाला, एडिट केलाय. मी फोन घेऊन बाहेर आलो. चाचा म्हणाले, "मला नाही माहीत बेटा, आणि मला माहीत करून घ्यायचं पण नाही."

म्हणून इथं लिहिलंय. मला सांत्वन करू नका, तुमची चूक नाही वगैरे लिहू नका, चूक माझीच आहे आणि ती मी घेऊन मरणार आहे. माझ्याकडं ह्याचं कसलंही स्पष्टीकरण नाही. तुमच्यात कुणाला काही ठाऊक असेल, कुणाच्या बाबतीत असं घडलं असेल, तर तेवढं कळवा, मला ते जाऊन तिला सांगायचंय. काल परत तिनं विचारलं, आणि मी परत मान हलवून घरी आलो.